तनूचे पप्पा

"आधी बसा. उभ्यानं बोलायची गोष्ट न्हाय ही."

कोणीही काहीही सांगायला गेलं की तनूचे पप्पा पहिलं हे वाक्य बोलायचे, आणि बोलता बोलता एका हाताने प्लास्टिकची खुर्ची उचलून समोरच्याच्या मागे सरकवायचे. गोष्ट खरोखर उभ्याने बोलण्यासारखी असली तरी सुटका नव्हती. लिफ्ट बंद आहे, एवढंच सांगायला मी एकदा गेले होते, तर मला बसावं लागलं, पाणी प्यावं लागलं, आणि मगच लिफ्टचा विषय निघाला.

स्वतः मात्र ते उभे राहायचे. पार्किंगमधल्या खांबाला पाठ टेकवून, हाताची घडी घालून, मान थोडी कलती करून ऐकायचे. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, हातात कडं. ठाण्याजवळच्या आमच्या कशेळीत असे पुष्कळ लोक तुम्ही पाहिले असतील आणि पाहता क्षणी त्यांच्याबद्दल मत बनवून मोकळे झाला असाल. मीही झाले होते. जमिनी गोदामांना दिल्या, भाडं येतं, मोठी गाडी घेतली, आता दिवसभर पार्किंगमध्ये खुर्च्या हलवतात, असं मी आमच्या ह्यांना म्हणाले होते.

मग एकदा एका टेम्पोवाल्याने त्यांच्या गाडीचा मागचा दिवा फोडला. टेम्पोवाला उतरला तो हात जोडूनच. आजूबाजूला माणसं जमली, आता काहीतरी बघायला मिळणार म्हणून. तनूच्या पप्पांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, तो प्यायला, आणि मग म्हणाले, "झालं? आता ऐक." आणि त्याला असा झापला की गेटपर्यंत आवाज ऐकू आला. तो टेम्पोवाला नंतर आमच्या वॉचमनला म्हणाला, "भाईसाब, गाली तो बहुत खायी है, बैठ के पहली बार खायी."

आमची इमारत जिथे उभी आहे तिथे त्यांच्या घरची भातखाचरं होती, म्हणून त्यांचाही फ्लॅट ह्याच इमारतीत होता. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. मी दादा म्हणायचे आणि ते मला वहिनी. पण माझ्या डोक्यात त्यांचं नाव 'तनूचे पप्पा' असंच होतं, कारण आमची ओळख शाळेच्या फाटकाशी झाली. त्यांची तनू आणि माझी मुक्ता पहिलीपासून गावच्या मराठी शाळेत एका बाकावर. शेठ माणसाची मुलगी त्या शाळेत कशी, असं सगळेच विचारायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तिच्या आयेनं घातलीय. मी काढनार न्हाय."

तनू दुसरीत असताना तिची आई आजारपणात गेली.

त्यानंतर मुलीची वेणी कोणी घालायची हा प्रश्न आला. त्यांची थोरली बहीण, तिला सगळे आक्का म्हणतात, चार घरं सोडून राहायची. ती यायला तयार होती. पण तनूचे पप्पा म्हणाले, मी शिकेन. आणि शिकले ते कशावर, तर टेम्पोवर ताडपत्री बांधायची नायलॉनची दोरी असते ना, तिच्यावर. तीन दोऱ्या खांबाला बांधून पार्किंगमध्ये सराव चालायचा. सुरुवातीला तनूची वेणी माल बांधल्यासारखी घट्ट असायची. तिच्या भुवया वर ओढल्या जायच्या आणि पोरगी दिवसभर कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखी दिसायची. शाळेतल्या बाई हसायच्या आणि मधल्या सुट्टीत हळूच वेणी सैल करून द्यायच्या. तिसरीत जाईपर्यंत मात्र ती वेणी इतकी सुबक झाली की मुक्ता मला म्हणाली, "आई, माझी पण काकांकडून घालून घेऊ का?"

स्वतः ते आठवीपर्यंतच शिकलेले. त्याचं दुःख किंवा अभिमान, दोन्ही त्यांच्या बोलण्यात कधी नव्हतं. म्हणायचे, "मी शालेतून पलालो. शाला काय माझ्या मागं आली न्हाय."

मुली पाचवीत गेल्या तेव्हा बाईंनी मला आणि दादांना बोलावून घेतलं. जिल्ह्यातली सरकारी निवासी शाळा, सहावीपासून बारावीपर्यंत, शिकणं-राहणं-जेवणं सगळं सरकारचं, पण जागा मोजक्या आणि परीक्षेला मुलं ढीगभर. ह्या दोघींना बसवा, बाई म्हणाल्या. त्यांनी फोनवर तिथला एक व्हिडिओ दाखवला. सकाळच्या उन्हात मोठ्या मैदानावर मुली पळत होत्या. मागे डोंगर.

तनूने तो व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग विचारलं, "एवढं मैदान त्यांच्या एकट्यांचं?"

त्या संध्याकाळी दादा खांबाला टेकून उभे होते. मग मला म्हणाले, "वहिनी, आपल्याकडं पन मैदान होतं. मीच भाड्यानं दिलं." आणि बोटाने दाखवलं. शाळेच्या मागे पत्र्याचं निळं गोदाम होतं, त्याच्यापुढे कंटेनर उभे.

वर्षभर दोघींनी अभ्यास केला. कधी आमच्या घरी, कधी त्यांच्या. आकृत्यांचे प्रश्न असायचे, पुढची आकृती कोणती ते ओळखा असे. दादा मध्येच डोकावायचे, एखादी आकृती उलटी धरून बघायचे आणि म्हणायचे, "हे मला चारच्या चार बरोबर वाटतात." मुली हसून लोळायच्या.

परीक्षा भिवंडीतल्या एका शाळेत होती. पोरं आत गेली आणि आम्ही आईबाप बाहेर रस्त्यावर, उन्हात. सावलीचा पत्ता नाही. कोणी वज्रेश्वरीकडून पहाटेची बस पकडून आलेलं, कोणी कडेवर दुसरं मूल घेऊन. दादांनी कुठेतरी फोन केला. थोड्या वेळाने एक टेम्पो आला, त्यातून ताडपत्री उतरली, पाण्याचे जार उतरले, आणि बघता बघता दोन विजेच्या खांबांना आणि टेम्पोला बांधून रस्त्याकडेला मांडव झाला. सगळ्यांना त्यात बसवलं. एक बाई घाबरून विचारत होत्या, ह्याचे पैसे द्यायचे का. दादा म्हणाले, "ताई, माल झाकायची ताडपत्री हाय. आज मानसं झाकली."

पेपर सुटला तसे आईबाप मुलांवर तुटून पडले. किती सुटले, कुठला राहिला, हा कसा चुकलास. मीही मुक्ताच्या हातातली प्रश्नपत्रिका ओढायला गेले. दादांनी मला डोळ्यांनीच अडवलं. "पोरं भुकेली हायत वहिनी. पेपर काय पलून जात न्हाय." आम्ही मिसळ खाल्ली. पेपरबद्दल त्यांनी त्या दिवशी एक शब्द विचारला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

आणि मग सुरू झालं वाट पाहणं. ज्यांनी असं थांबलेलं आहे त्यांना ते सांगायला नको. आईबापांचा एक ग्रुप झाला होता फोनवर. रोज कोणीतरी टाकायचं, यादी उद्या लागणार. कोणी म्हणायचं, लागली पण दाखवत नाहीत. कोणी अंदाज लिहायचं, अमुक प्रश्न सुटले असतील तर आशा ठेवा. मी रात्रंदिवस ते वाचायचे. दादा वाचायचे नाहीत. ते गाडी काढायचे आणि शाळा बघायला जायचे.

"तिकडं झालं तर तिकडं, न्हाय तर कुठं? बघून ठेवायला नको?" असं म्हणून त्यांनी ठाण्यातली एक नावाजलेली इंग्रजी शाळा बघितली. तिथे मुलीच्या आधी बापाची मुलाखत झाली. शिक्षण विचारलं. दादांनी सांगितलं, "माझी आठवी. पोरीची पाचवी. चार वर्सांत पुढं जाईल माझ्या." समोरच्या बाई हसल्या नाहीत म्हणे. आल्यावर मी विचारलं, कशी वाटली शाळा? ते म्हणाले, "लादी लय चकचकीत. सगलं दाखवलं त्यांनी. पन वहिनी, पोरांचा आवाज कुठं आला न्हाय. शाला चालू होती तरी."

एका शनिवारी ते ती निवासी शाळाही बघून आले. तनूला घेऊन नाही, एकटेच. मुख्याध्यापकांना भेटले नाहीत. जेवणघरात जाऊन आमटी चाखली, वसतिगृहाच्या बाईंशी बोलले, आणि परवानगी मागून मुली वर्गात असताना न्हाणीघरं बघितली. मला सांगितलं, "कड्या नीट लागतात. पानी हाय. ताप आला तर कोन बघतो ते पन विचारलं. अभ्यासाचं मला काय कलतंय? ते तनू बघंल." मी एवढे महिने त्या शाळेच्या निकालाची टक्केवारी शोधत होते. कडी लागते का, हे मला सुचलं नव्हतं.

यादी लागली तेव्हा मी कामावर होते. मी एका गोदामाच्या ऑफिसात बसते, आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद करते. दुपारी बघते तर दादा दारात. ग्रुपवर बातमी आली होती आणि त्यांच्या हातात फोन होता, पण त्यांनी तो उघडला नव्हता.

"वहिनी, तुमीच बघा. इंग्रजीत 'न्हाय' लिवलेलं वाचायची भीती वाटते."

साइट उघडेना. चाक फिरत राहिलं. शेवटी तनूचा नंबर टाकला, जन्मतारीख टाकली, आणि आलं. निवड झाली होती. मी ओरडलेच. ऑफिसातली माणसं वळून बघायला लागली. दादांनी डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला, आणि म्हणाले, "आता मुक्ताचा टाका."

मुक्ताचा टाकला. निवड नाही.

"आकडा चुकला असंल. परत टाका."

परत टाकला. तेच. मग ते स्वतः माझ्या मागे उभे राहून एकेक आकडा मोठ्याने वाचायला लागले आणि मी टाकायला लागले. तिसऱ्यांदाही तेच आलं तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. स्वतःच्या मुलीचं एवढं मोठं काम झालेलं, आणि तो माणूस माझ्या मुलीचा नंबर चुकला असेल ह्या आशेवर तिथे उभा होता. दोन-चार दिवसांनी कळलं, मुक्ता प्रतीक्षायादीत आहे. कोणी जागा सोडली तर नंबर लागू शकेल.

यादी लागली त्याच संध्याकाळी आक्कांनी वाटायला पेढ्यांचा मोठा खोका पाठवला होता. दादांनी तो तसाच गोदामातल्या हमालांकडे धाडला. "आपल्या बिल्डिंगीत आज न्हाय," एवढंच म्हणाले.

मुक्ता खाली खेळायला जाईना. तिसऱ्या दिवशी दादा आमच्या घरी आले. इथे खुर्ची त्यांची नव्हती, म्हणून ते जमिनीवर तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मुक्ता, तू नापास झालीस असं कोन बोललं?"

"कोणी नाही."

"मग? गाडी भरली म्हनून मानूस नापास होतो का? गाडी भरली, एवढंच. तुला चालता येतंय का न्हाय, ह्याच्याशी त्याचा काय संबंध?"

त्या संध्याकाळी मुक्ता खाली गेली.

आता खरी अडचण त्यांची होती. आक्का रोज येऊ लागल्या. पार्किंगमधलं बोलणं आमच्या खिडकीत ऐकू यायचं.

"आय न्हाय पोरीला, नि तू तिला परक्यात ठेवतंस? तुला काय कमी हाय? सरकारी शालेत गरिबाची पोरं जातात."

"बस आक्का आधी."

"बसत न्हाय. लोकं काय बोलतील म्हायती हाय? पोरगी धाडली, नि बाप दुसरं लगीन करायला मोकला झाला."

मग दादांचा आवाज, अगदी शांत. "बोलू दे. लोकांना पन काय तरी काम पायजे." पण दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा रात्रभर झोप न झालेल्या माणसाचा होता. गावातलेही एकेक जण सांगून गेले. कोणी म्हणालं, ठाण्याच्या शाळेत घाल, रोज संध्याकाळी घरी दिसेल. कोणी म्हणालं, तुझ्यासारख्याने ती जागा घेणं बरं नाही, एखाद्या गरजूला जाऊ दे. आणि हे शेवटचं त्यांच्या मनात खोल जाऊन बसलं.

प्रवेश घ्यायची मुदत जवळ आली होती. एका संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना आणि मुलींना खाली बोलावलं. चार खुर्च्या मांडलेल्या. आम्ही बसलो. ते खांबाला टेकले.

"मी ठरवलंय," ते म्हणाले. "तनूला ठान्याला घालतो. आपली ऐपत हाय. तिकडची जागा सोडली का मुक्ताचा नंबर लागंल. दोघींचं पन भागंल."

आमच्या ह्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरलेला मला दिसला. खरं सांगते, नको म्हणायला हवं होतं, की हो, मला कळत नव्हतं. मी फक्त मुक्ताकडे बघत होते.

बोलली ती तनू.

"पप्पा, पेपर कोणी सोडवला?"

"तू."

"मग जागा तुम्ही कशी देता?"

दहा-अकरा वर्षांची मुलगी. आवाज चढलेला नव्हता. वॉचमन बघत होता, गेटमधून येणारी-जाणारी माणसं बघत होती. अशा वेळी बाप काय करतात ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मोठ्यांमध्ये बोलू नकोस, वर जा, अभ्यास कर.

दादांनी मान खाजवली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग कोपऱ्यातली एक खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना पार्किंगमध्ये बसलेलं पाहिलं.

"चुकलो," ते म्हणाले. "माझी वस्तू असल्यासारखा वाटायला निघालो. तुझी हाय. तू बोल."

"मला जायचंय."

"आठवन आली तर?"

"येईल. तुम्हाला पण येईल."

ते हसले, पण डोळे भरले होते. मग मुक्ताकडे वळले. "आनि तू? तुला काय वाटतं?"

मुक्ताने थोडा विचार केला. "ती नाही गेली तर मी तिकडे कोणाबरोबर राहणार, काका?"

ह्यावर सगळेच हसलो, मी सगळ्यात जास्त, कारण हसता हसता डोळे पुसता येतात.

मुली खेळायला गेल्यावर दादा मला म्हणाले, "वहिनी, रागावू नका. तुमाला आशा लावली नि लगेच काढून घेतली."

"दादा," मी म्हटलं, "तनू बोलली म्हणून बरं झालं. मला बोलता आलं नसतं."

त्यावर त्यांनी दुसरा प्रस्ताव मांडला. मुक्तालाही ठाण्याच्या मोठ्या शाळेत घालू, खर्चाचं मी बघतो. आमचे हे म्हणाले, "नको शेठ. आमचं आम्हाला करू दे." माणूस दुखावेल असं मला वाटलं. ते फक्त म्हणाले, "बरं. मग दुसरं काय ते सांगा." आणि विषय सोडून दिला. देऊ केलेलं कोणी नाकारलं तर ते इतक्या सहज मागे घेणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

तनूला पोचवायला आम्हीही गेलो होतो. वसतिगृहात रांगेने लोखंडी पलंग, एकावर एक. तनूला वरचा मिळाला. दादांनी हाताने दाब देऊन बघितला तर तो करकरला. ते न बोलता खाली गेले, गाडीतून पाना घेऊन आले आणि नटबोल्ट आवळले. शेजारच्या पलंगावरच्या मुलीची आई म्हणाली, "दादा, आमचा पण जरा बघता का?" मग तिच्या पलीकडची. आजूबाजूला आया रडत होत्या, बाप खिडकीतून बाहेर बघत होते, मुली भेदरून बसल्या होत्या, आणि हा पांढऱ्या शर्टातला माणूस गुडघ्यावर बसून पूर्ण रांगेचे पलंग आवळत होता. मध्येच म्हणायचा, "आता हाल बघू पोरी. आवाज येतोय? न्हाय ना? मग झोप निवांत." शेवटच्या पलंगापर्यंत निम्म्या मुली हसायला लागल्या होत्या. शर्ट गंजाने तांबडा झाला होता.

परतताना भिवंडीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा समोर बघत म्हणाले, "वेनीचं मी विचारलं तिला. तू कशी घालशील? तर बोलते, मला येते. कवापासून? तर बोलते, वर्ष झालं."

ट्रकांची रांग थोडी सरकली, त्यांनी गाडी पुढे घेतली.

"वर्षभर येत होती वहिनी तिला. मला घालू देत होती."

मुक्ताचा नंबर काही लागला नाही. दुसरी यादी लागली, मग आणखी एक, मग प्रवेश बंद झाले. आम्ही तिला ठाण्यातल्या एका साध्या, जुन्या, अनुदानित मराठी शाळेत घातलं. शिक्षक चांगले, पण शाळा खाडीच्या पलीकडे, आणि कशेळीचा पूल सकाळी कसा तुंबलेला असतो ते इकडच्यांना सांगायला नको. पहिल्या आठवड्यात ती दोनदा उशिरा पोचली आणि वर्गाबाहेर उभी राहिली.

पुढच्या सोमवारी सकाळी खाली गेलो तर दादा गाडीला टेकून उभे. आंघोळ करून, शर्ट इस्त्रीचा.

"मी आपला ह्या टायमाला उठतोच," ते म्हणाले. "इतकी वर्सं पोरीला सोडायची सवय. आता घरात बसून काय करू? पैशाची गोष्ट न्हाय ही भाऊ. मला सकालचं काम द्या."

ह्या वेळी आमच्या ह्यांना नाही म्हणता आलं नाही. मुक्ता बसली, मग मागच्या इमारतीतला एक मुलगा, मग वॉचमनच्या दोन मुली. त्या मोठ्या गाडीत दप्तरांचा ढीग आणि पोरांचा कालवा. दादांना पुलाच्या गर्दीत गाडी थांबली की भारी आनंद व्हायचा. तेवढ्यात पाढे, कविता, राजधान्या, सगळं म्हणून घ्यायचे. एकदा मुक्ताने सांगितलं, काकांना आता सगळ्या राज्यांच्या राजधान्या येतात, फक्त ईशान्येकडे गडबड होते. मुक्ता शिकली, चांगली शिकली. आज ती आठवीत आहे आणि गणितात वर्गात पुढे आहे. त्या निवासी शाळेचं नाव निघालं तर तिचा चेहरा पडत नाही. गाडी भरली होती, असं ती स्वतःच म्हणते.

आक्काही निवळल्या. पहिल्या दिवाळीत तनू घरी आली, आणि आल्या आल्या आत्याच्या हातातली बादली घेऊन स्वतःचे कपडे स्वतः धुवायला बसली. आक्का सगळ्या गावाला सांगत फिरल्या. लग्नाची कुजबुजही हळूहळू विरली, कारण लग्न काही झालं नाही.

गेल्या वर्षी दादांनी फ्लॅट भाड्याने दिला आणि ते गणेशपुरीकडे राहायला गेले. तिकडे त्यांच्या बायकोच्या माहेरचं शेत आहे. मेहुणा नोकरीसाठी लांब, जमीन पडून. तनूची शाळाही तिकडून जवळ. जाताना त्यांनी मुक्ताला पुलापलीकडच्या बसचं वेळापत्रक समजावून सांगितलं, स्वतः दोनदा तिच्याबरोबर बसने जाऊन आले, आणि मगच गेले. आता पार्किंगमध्ये दुसऱ्या कोणाची तरी गाडी असते. त्यांच्या दारावर नवीन लोकांची पाटी आहे. चांगले लोक आहेत. कामाचं बोलतात, उभ्या उभ्या, आणि जातात.

जुलैमध्ये एका रविवारी आम्ही त्यांना भेटायला गेलो. वज्रेश्वरी ओलांडून गाडी गणेशपुरीच्या रस्त्याला लागली की दोन्ही बाजूंना खाचरं पाण्याने भरलेली दिसतात. लावणी चालू होती. बायका ओळीने वाकलेल्या, आणि त्यांच्यात एक माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, गळ्यात साखळी नाही. आम्ही ओळखलंच नाही. मुक्ता ओरडली, "काका!"

ते चिखलातून हात हलवत आले. बारीक झाले होते, काळे झाले होते, आणि बरे दिसत होते. बोलणं सुरू होणार तेवढ्यात बांधावर ठेवलेल्या पिशवीत फोन वाजला. रविवारी ह्याच वेळेला वसतिगृहातून मुलींना घरी फोन करू देतात. दादांनी घाईघाईने पाटाच्या पाण्यात हात धुतले, शर्टाला पुसले आणि फोन कानाला लावला.

"हां… हां बोल… जेवलीस?… बरं… बरं… हां, मुक्ता हाय इथं… कवा?… बरं. न्हाय येत. न्हाय म्हनलं ना, न्हाय येत. बरं."

फोन मुक्ताकडे देऊन ते आमच्याकडे वळले. चेहऱ्यावर असं काही होतं की मला क्षणभर भीती वाटली.

"काय झालं दादा?"

"पुढल्या रविवारी भेटायचा वार हाय," ते म्हणाले. "येऊ नका म्हनाली. त्यांचं नाटक बसतंय, तिला येल न्हाय."

आमच्या ह्यांनी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. पण दादा हसायला लागले होते. आधी हळू, मग मोठ्याने, मान मागे टाकून.

"येल न्हाय म्हनते! बापाला भेटायला येल न्हाय तिला! वहिनी, ऐकलंत का?"

हे त्यांनी लावणीच्या बायकांनाही ओरडून सांगितलं. कोणाला काय कळलं कोण जाणे, पण त्याही हसल्या. मुक्ता पाठ वळवून, एक कान झाकून तनूशी बोलतच होती. दादांनी डोळ्यांवरून मनगट फिरवलं, त्याने कपाळाला चिखल लागला. मग ते परत खाचरात उतरले, रोपांची एक जुडी उचलली, वाकले आणि लावायला लागले. त्यांची ओळ चांगलीच वाकडी जात होती. शेजारची बाई ते दाखवून हसत होती, आणि ते मान हलवत, हो हो म्हणत, तसेच पुढे चालले होते.